ऑफिसातला आयआयएस काढून अपाचे किंवा इंजिनएक्स टाकायचा विचार आहे, आधी काय काय बघू?

एकटीच_आयटी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं ऑफिस साठेक माणसांचं आणि आयटी म्हणजे मी, प्रिंटरमधे कागद अडकला तरी मी आणि सर्व्हर झोपला तरी मीच. तीन मशीन आहेत. दोनांवर विंडोज सर्व्हर २०१६ आणि कोपऱ्यात धूळ खात एक २०१२ आर२, तिघांवरही आयआयएस, म्हणजे विंडोजबरोबर येणारा वेब सर्व्हर. साहेबांनी कुठेतरी ऐकलं की जगातल्या कितीतरी वेबसाइट अपाचे, इंजिनएक्स अशा ओपन सोर्स सर्व्हरवर चालतात आणि तो फुकट असतो, तेव्हापासून रोज एकच, "मग आपण पैसे कशाचे भरतोय?" आणि खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा पण नाहीये. २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला, २०१६ चा जानेवारी २०२७ मधे संपतोय, नवीन घ्यायचं तर कोअर मोजून लायसन्स आणि मशीनमधे कोअर कमी असले तरी १६ चे पैसे धरतात, वर माणसांची कॅल (वापरणाऱ्यांमागे घ्यायचं लायसन्स) वेगळी.

चालतंय काय काय ते सांगते. एक कंपनीची वेबसाइट, वर्डप्रेस. दुसरं रजा-हजेरीचं पोर्टल, एएसपी डॉट नेटमधे कोणीतरी दहाएक वर्षांपूर्वी लिहून गेलंय, विंडोजच्या लॉगिननेच उघडतं, वेगळा पासवर्ड विचारत नाही आणि लोकांना तेच आवडतं. तिसरं म्हणजे पीडीएफ आणि ड्रॉइंगचा ढीग, साधी एचटीएमएल पानं, त्यावर लिंका. चौथं त्या २०१२ वर, एका व्हेंडरचं जुनं सॉफ्टवेअर, क्लासिक एएसपी (डॉट नेटच्या आधीचं), व्हेंडर फोन उचलत नाही.

माझं लिनक्स म्हणजे घरच्या लॅपटॉपवर उबंटू टाकून बघितलंय इतपतच. म्हणून डोक्यात आलं की विंडोज तसंच ठेवून त्यावरच अपाचे टाकला तर? झॅम्प (अपाचे, पीएचपी, डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) डाउनलोड केलं, दहा मिनिटांत वर्डप्रेस चालू पण झालं माझ्या पीसीवर. तेच सर्व्हरवर टाकलं तर काय बिघडेल?

टर्मिनलवेडा

दादा विचार कसला करतोस, उडी मार! डेबियन लिनक्स टाक, पुढे इंजिनएक्स ठेव, मागे जे आहे ते राहू दे. आयआयएस म्हणजे भोकं पडलेली बादली आहे. ते डॉट नेटचं पोर्टल मोनोवर (डॉट नेट लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चढव, लिनक्सवर चालतं सगळं. एका वीकेंडचं काम आहे रे.

जुनाट_अ‍ॅडमिन

वरच्या मित्राचा उत्साह चांगला आहे पण वीकेंडचं काम म्हणून सुरू केलेली मायग्रेशनं मी तीन-तीन महिने निस्तरलेली आहेत.

आधी बादलीचं बोलतो. आयआयएसचं नाव खराब झालं ते २००१ साली, जुलैमधे कोड रेड आला आणि सप्टेंबरमधे निम्दा, दोन्ही आपोआप पसरणारे व्हायरस. मी तेव्हा नवीन होतो, सर्व्हर रूममधे बसून एकेक मशीन नेटवरून काढून साफ केलेलं आहे. त्यावेळी गार्टनरसारख्या सल्लागारांनी पण कंपन्यांना सांगितलं होतं की आयआयएस सोडायचा विचार करा. पण त्यातली मेख अशी की कोड रेड ज्या भोकातून शिरला त्याचा पॅच महिनाभर आधी येऊन पडलेला होता, लोकांनी टाकलाच नव्हता. आणि नंतर सर्व्हर २००३ पासून त्यांनी आयआयएस मुळातच बंद ठेवून द्यायला सुरुवात केली, हवा असेल तर चालू करा. त्यामुळे आजच्या तारखेला "आयआयएस असुरक्षित म्हणून बदलतोय" हे कारण साहेबांना सांगू नका. तुमचा २०१२ आर२ धोक्याचा आहे, पण तो पॅच येत नाहीत म्हणून. उद्या तुम्ही अपाचे टाकून तीन वर्षं अपडेट केला नाही तर तोही तसाच धोक्याचा.

आता मुख्य मुद्दा. वेब सर्व्हर बदलायचा की नाही हे वेब सर्व्हर ठरवत नाही हो, त्यावर जे बसलंय ते ठरवतं. तुमची यादीच घेऊ. क्लासिक एएसपी विंडोज सोडून कुठेही धड चालत नाही, तो विषय संपला. रजा-हजेरीचं पोर्टल, त्याच्या पानांच्या नावाला शेवटी एएसपीएक्स दिसतंय का बघा. दिसत असेल तर ते बहुतेक वेब फॉर्म्स, म्हणजे एएसपी डॉट नेटचा जुना प्रकार आहे. डॉट नेट २०१६ पासून लिनक्सवर चालायला लागलं हे खरं, पण त्या नवीन डॉट नेटमधे वेब फॉर्म्स घेतलेलेच नाहीत, म्हणजे पोर्टल हलवायचं तर नव्याने लिहायचं. मोनोवर चढवता येतं म्हणे... येतं, पण दहा वर्षांपूर्वीचा, लिहिणारा निघून गेलेला कोड, अर्धी पानं चालतील आणि पगाराच्या आधी रजा मोजणारं पान नेमकं चालणार नाही. असल्या फंदात पडू नका.

राहिलं काय, वर्डप्रेस आणि पीडीएफ. ही दोन लिनक्सवर अगदी सुखाने जातील, उलट वर्डप्रेसला तिथेच जास्त बरं वाटतं.

आणि आता साहेबांच्या पैशांचं, हे नीट वाचा. पोर्टलसाठी विंडोज राहणारच असेल तर त्या मशीनचं लायसन्स राहणारच, त्यावर आयआयएस असो नाहीतर अपाचे. आयआयएसचे वेगळे पैसे लागतच नाहीत, तो विंडोजबरोबर येतो. म्हणजे विंडोजवर अपाचे टाकून बचत किती? शून्य. विंडोजची मशीन तीनाची दोन झाली, दोनाची एक झाली तरच पैसे वाचले. साहेबांना "ओपन सोर्स केलं" यापेक्षा "एक विंडोज कमी केलं" हे लवकर कळेल.

झॅम्प सर्व्हरवर टाकू नका. ते बनवणारेच सांगतात की हे डेव्हलपमेंटसाठी आहे. डेटाबेसचा रूट (मुख्य अ‍ॅडमिन युजर) बिनपासवर्डचा असतो त्यात, दहा मिनिटांत चालू होतं ते त्याचमुळे. विंडोजवर अपाचे चालतो, नाही असं नाही, पण अपाचे फाउंडेशन स्वतः विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर देत नाही, फक्त सोर्स देतं, तयार बिल्ड दुसऱ्यांकडून घ्यावं लागतं आणि मग अपडेट आलं की नाही हे बघायचं काम तुमचंच. इंजिनएक्सचं तर विंडोज व्हर्जन त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमधे बीटा म्हटलेलं आहे, वर्कर कितीही सुरू करा, काम एकच करतो.

पोळलेला_माणूस

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त माझी फजिती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही.

आम्ही असाच एक स्टॅटिक फाइलींचा ढीग आयआयएसवरून लिनक्सवर नेला. शनिवारी कॉपी केला, चार-पाच पानं उघडून बघितली, झकास, घरी गेलो. सोमवारी सकाळी नऊ वाजता फोन, निम्मी चित्रं दिसत नाहीत आणि ड्रॉइंगच्या लिंका ४०४, म्हणजे पान सापडत नाही. फोल्डरमधे बघतोय तर फाइल आहे! नाव तेच, जागा तीच, तरी सर्व्हर म्हणतो नाही. अर्धा तास मी स्क्रीनला नाक लावून बसलो तेव्हा दिसलं की लिंकमधे लहान अक्षरात जेपीजी लिहिलंय आणि फाइलचं शेपूट कॅपिटलमधे आहे, कॅमेऱ्यातून जशी आली तशी. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला दोन वेगळ्या फाइली. आणि असल्या लिंका एक नाही, शेकड्याने, कारण वर्षानुवर्षं दहा जणांनी हाताने टाइप केलेल्या.

यावर अपाचेत एक मॉड्यूल आहे, मॉड स्पेलिंग, मजा म्हणजे त्याच्या इंग्रजी नावातलं स्पेलिंगच मुद्दाम चुकवलेलं आहे, एकच एल. त्यात फक्त केस तपासायचा पर्याय चालू केला की तो चुकीच्या अक्षरांची लिंक बरोबर फाइलकडे वळवतो. मी तो महिनाभर चालू ठेवला, लॉगमधून कुठल्या लिंका वळतायत त्यांची यादी काढली, त्या दुरुस्त केल्या, मग बंद केला. इंजिनएक्समधे हे असं आयतं नाही. म्हणून माझं मत, पीडीएफच्या ढिगाला अपाचे घ्या, इंजिनएक्स जास्त वेगवान वगैरे असेल पण साठ माणसांच्या ऑफिसात तो वेग मोजायला कोण बसलंय.

दुसरं. नंतर एका फॉर्मच्या पुढे इंजिनएक्स लावला. लोक म्हणायला लागले फोटो चढतो पण स्कॅन चढत नाही. मी दोन दिवस नेटवर्कवाल्यांशी भांडलो, केबल बदलून घेतली!! निघालं काय तर इंजिनएक्सला वेगळं सांगितलं नाही तर तो १ एमबीच्या वरचं अपलोड परत पाठवतो, ४१३ एरर. आयआयएसची मर्यादा साधारण २८ एमबीची होती म्हणून आजवर कोणाला कळलंच नव्हतं. एका ओळीचं सेटिंग आहे, क्लायंट मॅक्स बॉडी साइज. नेटवर्कवाल्यांना मी अजून सॉरी म्हटलेलं नाही.

तिसरं छोटंसं, लॉगची वेळ. आयआयएस नेहमीचा लॉग यूटीसीत (जागतिक वेळेत) लिहितो, अपाचे तिथल्या घड्याळाप्रमाणे लिहितो आणि पुढे फरक लावतो. दोन्ही लॉग शेजारी ठेवून "नऊ वाजता काय झालं" शोधताना डोकं फिरतं.

हिशेबी

सगळे कसं करायचं सांगतायत, मी करू नका म्हणणारा.

ताई (की दादा? वर एकाने दादा म्हटलंय पण नावात एकटीच आहे), तुम्ही एकट्या. आज विंडोज येतं तुम्हाला. उद्या तुम्ही आठ दिवस सुट्टीवर गेलात आणि लिनक्सचं मशीन अडकलं तर ऑफिसात त्या काळ्या स्क्रीनपुढे बसणारा कोण आहे? लायसन्सचे पैसे वाचतील ते कागदावर दिसतात, तुमचे शिकण्यातले तास कुठल्याच कागदावर दिसत नाहीत. साहेब लोकांना हे तास फुकटच वाटतात.

आणि ओपन सोर्स म्हणजे कायमचं, असंही नाही. सेंटओएस ८ (फुकटचं लिनक्स) घेताना लोकांनी २०२९ पर्यंतचा हिशेब केलेला होता, डिसेंबर २०२० मधे जाहीर झालं की डिसेंबर २०२१ लाच संपणार. आमच्याकडे तेव्हा नुकतंच सगळं त्यावर नेऊन झालेलं. आगीतून फुफाट्यात.

अपाचेचं पण ऐका. २०२१ मधे २.४.४९ आला, त्यात असं भोक की बाहेरचा माणूस पत्त्यात थोडी लबाडी करून सर्व्हरवरच्या भलत्याच फाइली वाचू शकतो. ४ ऑक्टोबरला २.४.५० काढला, तो अर्धवट निघाला, ७ ऑक्टोबरला २.४.५१. तीन दिवसांत दोनदा अपडेट. तुम्ही त्या आठवड्यात कुठे असता?

जुनाट_अ‍ॅडमिन

@हिशेबी, माणूस एकच असण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मी लिहायला हवा होता. पण अपाचेचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. ते भोक जुन्या व्हर्जनांत नव्हतंच, ४९ मधेच घुसलं होतं. जे डेबियन स्टेबलमधलं तयार पॅकेज वापरत होते त्यांच्याकडे ४९ पोचलाच नव्हता, ते निवांत झोपले. पळापळ झाली ती ताजा सोर्स आणून स्वतः कंपाइल करणाऱ्यांची. म्हणून ताई, जे काय घ्याल ते डिस्ट्रोच्या (डेबियन, उबंटू वगैरे) पॅकेजमधूनच घ्या आणि सिक्युरिटी अपडेट आपोआप लागतील असं करून ठेवा. हौस म्हणून कंपाइल करायचं ते घरी.

साहेब आणखी एक विचारतीलच, की ओपन सोर्स वापरलं तर आपला कोड जगाला दाखवावा लागेल का. नाही. अपाचेचं लायसन्स आणि इंजिनएक्सचं बीएसडी, दोन्हीत तसली काही अट नाही.

एकटीच_आयटी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. आधी ते दादा प्रकरण मिटवते, मी ताईच 😄

आज लंच टाइममधे बघितलं. पोर्टलच्या पानांना एएसपीएक्सच आहे, काका जिंकले. म्हणजे ते जिथे आहे तिथेच राहणार. पण मग टर्मिनलवेडा म्हणतोय तसं सगळ्याच्या पुढे एक इंजिनएक्स ठेवला आणि मागे आयआयएस, तर चालेल ना? म्हणजे लोकांसाठी पत्ता एकच राहील आणि मागे मी हळूहळू बदलत जाईन.

टर्मिनलवेडा

सॉरी ताई 🙏 आणि मोनोचं मागे घेतो, मी कॉलेजच्या प्रोजेक्टमधे चालवलेलं, तीन पानांचं होतं ते.

प्रॉक्सीचं, म्हणजे पुढे इंजिनएक्स ठेवायचं, मात्र बरोबर आहे, पण पोर्टल त्यातून नेऊ नकोस. तू म्हणालीस ना पासवर्ड न विचारता उघडतं, ते विंडोज ऑथेंटिकेशन आहे आणि तिथे बऱ्याचदा एनटीएलएम (ओळख पटवायची विंडोजची पद्धत) वापरलं जातं. ते एकेका रिक्वेस्टची ओळख पटवत नाही, अख्ख्या कनेक्शनची पटवतं. मधे इंजिनएक्स आला की मागची कनेक्शन त्याची, त्यावर कोणाच्याही रिक्वेस्टा जाणार, मग सगळ्यांना पासवर्डची खिडकी परत परत येत राहते. त्यासाठीचं सेटिंग आहे पण ते पैसे देऊन मिळणाऱ्या इंजिनएक्स प्लसमधे, फुकटवाल्यात नाही. हे मी स्वतः एक अख्खी रात्र घालवून शिकलोय. पोर्टलला वेगळं नाव दे, सरळ आयआयएसकडे जाऊ दे.

पोळलेला_माणूस

आणि ज्या साइटी प्रॉक्सीतून जातील त्यांच्या मागच्या लॉगमधे सगळे पाहुणे एकाच आयपीवरून आलेले दिसतील, प्रॉक्सीच्या. घाबरून जाऊ नका, हल्ला नाहीये. खरा आयपी हेडरमधून पुढे पाठवायला लागतो. मी घाबरलो होतो.

हिशेबी

एकच सुचवतो. काहीही हलवायच्या आधी तिन्ही मशीनचे आयआयएसचे लॉग उघडा आणि गेल्या महिन्यात कोण काय उघडतंय ते बघा. आयआयएस जुने लॉग आपण होऊन काढून टाकत नाही, सगळे पडलेले असतील. विशेषतः त्या २०१२ वाल्याचे.

एकटीच_आयटी

साडेतीन आठवड्यांनी परत आलेय, सांगायचं राहून जायला नको म्हणून.

हिशेबी, तुम्हाला साष्टांग. २०१२ वरचे लॉग उघडले, आधी तर ३० जीबीचे नुसते लॉगच निघाले, डिस्क का भरते याचं उत्तर फुकटात मिळालं. आणि त्या व्हेंडरच्या सॉफ्टवेअरवर महिन्याभरात फक्त एकाच पीसीवरून लोक, नाही, एकच माणूस येत होता, महिन्यातून दोनदा. अकाउंट्समधल्या काकू. त्यांच्या शेजारी जाऊन बसले, म्हटलं दाखवा काय करता. जुन्या वर्षांचे दोन रिपोर्ट बघतात, तुलना करायला, बस. दोन्ही रिपोर्ट सगळ्या वर्षांचे एक्सेलमधे काढून दिले, काकू म्हणाल्या हे तर जास्त बरं आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी ते मशीन बंद केलं. डिस्क काढून ठेवलीय कपाटात, न जाणो. म्हणजे पहिलं विंडोज कमी झालं त्यात ओपन सोर्सचा काही संबंधच नव्हता, साहेबांना हे कसं सांगायचं ते अजून ठरवतेय.

पीडीएफचा ढीग डेबियन आणि अपाचेवर गेला. मॉड स्पेलिंग चालू आहे, रोज सकाळी चहाबरोबर दहा-पंधरा लिंका दुरुस्त करते. पहिल्या दिवशी सगळीकडे ४०३ येत होतं, फाइली मी रूटने कॉपी केल्या होत्या आणि फोल्डरला अपाचेच्या युजरला आत जायची परवानगीच नव्हती. ते एक तासात सापडलं, अभिमान वाटला. काय काय केलं ते सगळं एका वहीत लिहून ठेवतेय, कमांडसकट, मी सुट्टीवर गेले तर कोणालातरी वाचता येईल अशा अक्षरात. पोर्टल हललेलं नाही, हलणार नाही.

वर्डप्रेस आज नवीन मशीनवर टेस्टला घेतलं आणि आता अडकलेय. होमपेज मस्त उघडतंय, आतलं कुठलंही पान उघडलं की ४०४. फाइलींच्या नावाचा प्रॉब्लेम नाही, तपासलं. काय असेल?

जुनाट_अ‍ॅडमिन

आयआयएसवर सुटसुटीत पत्त्यांचे नियम वेब डॉट कॉन्फिगमधे होते, अपाचे ती फाइल बघतही नाही. रीराइट मॉड्यूल चालू करा, त्या फोल्डरला अलाउ ओव्हरराइड नन असेल ते ऑल करा, अपाचे रीस्टार्ट, मग वर्डप्रेसमधे जाऊन पर्मालिंकच्या पानावर काही न बदलता नुसतं सेव्ह दाबा. एचटीअ‍ॅक्सेसची (अपाचेच्या नियमांची) फाइल तो स्वतः लिहील. लिहिली नाही तर परत परवानगीचंच.

एकटीच_आयटी

नाही लिहिली 😄 परवानगीचंच होतं. दिली, परत सेव्ह दाबलं, चाललं. वहीत पान ११.